लखनौच्या काश्मिरी पंडितांची नियतकालिके : जतन, लिप्यंतर आणि अनुवाद

जुन्या लखनौ शहरात ‘काश्मिरी मोहल्ला’ या नावाची वस्ती आहे. काश्मीर खोऱ्यातून उत्तर हिंदुस्थानात उतरलेली पंडित कुटुंबे नवाबी काळात येथे स्थायिक झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लहानशा समाजाने आपली स्वतःची नियतकालिके काढली. त्यांची भाषा उर्दू होती आणि लिपी फारसी वळणाची नस्तलीक. ज्या घरांसाठी ती छापली गेली, त्याच घरांतील आजच्या पिढीला ती लिपी बहुधा वाचता येत नाही. अंक विखुरले आहेत, कागद ठिसूळ झाला आहे. तो वाचवला तरी त्यावरचा मजकूर वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

मोडी दफ्तरांचे गठ्ठे माळ्यावर सांभाळणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. पणजोबांच्या हातचा कागद समोर असतो, भाषा आपलीच असते, आणि तरीही त्यातले अक्षर लागत नाही. लखनौच्या प्रकरणात अडचण आणखी एका पायरीने वाढते. येथे लिपीबरोबर घरातली भाषाही दोनदा बदलली आहे.

काश्मीरहून अवधकडे

काश्मिरी पंडितांमध्ये सुलतान झैन-उल-आबिदीन याच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून, फारसी शिकून राजसेवेत शिरणारा ‘कारकून’ वर्ग आणि पौरोहित्य सांभाळणारा ‘भाषाभट्ट’ वर्ग असे दोन भाग पडत गेले. खोऱ्याबाहेर जी कुटुंबे गेली, ती मुख्यतः कारकून वर्गातील होती. दिल्ली, लाहोर, फैजाबाद, लखनौ अशा ठिकाणी जिथे फारसीत हिशेब आणि पत्रव्यवहार चाले, तिथे त्यांच्या लेखणीला मागणी होती. १७७५ मध्ये नवाब आसफ-उद-दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि दरबाराच्या पाठोपाठ या कुटुंबांनीही बिऱ्हाड हलवले.

दोन-तीन पिढ्यांत काश्मिरी भाषा घरातून गेली. उरली ती काही नात्यांची नावे, सणावाराचे शब्द आणि स्वयंपाकघरातील पदार्थ. तिची जागा लखनवी उर्दूने घेतली, आणि ती इतकी पूर्णपणे घेतली की त्या भाषेच्या साहित्याचा इतिहास या समाजाची नावे वगळून लिहिता येत नाही. ‘गुलजार-ए-नसीम’ या मसनवीचे कर्ते दयाशंकर ‘नसीम’, कादंबरीकार रतननाथ दर ‘सरशार’, कवी ब्रिजनारायण चकबस्त हे सर्व याच समाजातले.

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि पुढच्याच वर्षी उठावाने शहर होरपळले. दरबार संपला, दरबारी नोकऱ्याही संपल्या. त्यानंतर या कुटुंबांतील मुले कॅनिंग कॉलेजात इंग्रजी शिकू लागली आणि वकिली, शिक्षण व सरकारी खात्यांत शिरली. नोकऱ्यांमुळे एकेका घरातील माणसे आग्रा, अलाहाबाद, लाहोर, जयपूर अशी पांगली. मुलामुलींची लग्ने मात्र समाजातच व्हायची होती. पांगलेल्या माणसांना एकमेकांची खबर देणाऱ्या पत्राची गरज यातून निर्माण झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथे फिनलंडहून गेलेल्या कामगारांनी १९०५ मध्ये ‘राइवाया’ हे फिनिश भाषेतील वृत्तपत्र काढले, त्यामागची निकड फारशी वेगळी नव्हती. नव्या मुलुखात आपली माणसे कुठे आहेत आणि काय करीत आहेत हे कळण्याचे दुसरे साधन स्थलांतरितांपाशी नसे.

नवलकिशोर यांचे शहर

लखनौ त्या वेळी छपाईचे मोठे केंद्र होत होते. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये येथे छापखाना घातला आणि पाठोपाठ ‘अवध अखबार’ हे पत्र सुरू केले. १८७७ पासून ते दैनिक झाले. अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत आणि हिंदी ग्रंथ छापणाऱ्या या छापखान्याचा सविस्तर इतिहास उलरिके श्टार्क यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला आहे. १९७० मध्ये भारतीय टपाल खात्याने नवलकिशोर यांचे तिकीट काढले.

उर्दूची छपाई बहुतांशी शिळाछापाने होई. कातिब, म्हणजे सुलेखनकार, तेलकट शाईने मजकूर हाताने लिही. तो दगडावर उमटवून त्यावरून प्रती काढल्या जात. मराठी वाचकांना हे तंत्र जुन्या पोथ्यांवरून ठाऊक आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये याच पद्धतीने पंचांग छापले होते. पुढे मराठीने खिळ्यांची छपाई स्वीकारली. नस्तलीकचे वळण खिळ्यांत बसत नसल्याने उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकातही बराच काळ कातिबाच्या हातावर अवलंबून राहिली. आज संगणकाला ही पाने वाचता येत नाहीत, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

याच वातावरणात १८७० च्या दशकात लखनौहून ‘मुरासला-ए-काश्मीर’ निघू लागले. ‘मुरासला’ म्हणजे पत्रव्यवहार. नाव अत्यंत नेमके होते, कारण समाजातील माणसांनी समाजातील माणसांना लिहिलेली पत्रे हाच त्याचा गाभा होता. सरशार यांचे सुरुवातीचे लेखन या पत्रातून आणि १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी काढलेल्या ‘अवध पंच’ या विनोदी साप्ताहिकातून आले. १८७८ मध्ये ते ‘अवध अखबार’चे संपादक झाले आणि त्यांची ‘फसाना-ए-आझाद’ ही प्रचंड कादंबरी त्या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे सरशार हैदराबादला गेले, तेथे त्यांनी ‘दबदबा-ए-आसफी’ हे पत्र संपादिले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

समाजाच्या या नियतकालिकांत काय असे? जन्म, मृत्यू, बदल्या आणि परीक्षांचे निकाल असत. लग्नातील खर्च कमी करावा की नाही, मुलींना किती शिकवावे, विधवांचे काय, अशा प्रश्नांवर लांबलचक वाद असत. हेनी सेंडर यांचा उत्तर हिंदुस्थानातील काश्मिरी पंडितांवरील १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रकारच्या मजकुरामुळेच शक्य झाला. सरकारी दप्तरात कुटुंबाची मालमत्ता सापडते. घरात कशावरून अबोला धरला गेला, हे मात्र समाजाच्या पत्रातच सापडते.

असा एक अबोला प्रसिद्ध आहे. १८८४ मध्ये बिशननारायण दर हे तरुण गृहस्थ शिक्षणासाठी विलायतेला गेले आणि १८८७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. समुद्रपर्यटनाने ते बाटले असे एका पक्षाने ठरवले. प्रायश्चित्त घेतल्यावर त्यांना पंक्तीत घ्यावे असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. ‘धरमसभा’ आणि ‘बिशनसभा’ असे दोन तट पडले आणि ही फूट लखनौपुरती राहिली नाही. १८९९ मध्ये युरोपहून परतलेल्या मोतीलाल नेहरूंनी तर प्रायश्चित्तच नाकारले. ज्यांच्यावरून एवढे रणकंदन झाले ते बिशननारायण दर १९११ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण याच काळातले. १८९० मध्ये तेथे चहा घेणाऱ्यांची नावे ‘पुणे वैभव’ने छापली आणि रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले. ती हकीकत आपण मराठीत वाचू शकतो, कारण ती भाषा आणि ती बाळबोध लिपी आपल्याकडे अखंड चालत आली. लखनौच्या ग्रामण्याची मूळ कागदपत्रे वाचायची तर वाचकाला उर्दू शिकावी लागते.

लिपी कशी सुटली

नागरी लिपीचा शिरकाव प्रथम घरातील स्त्रियांच्या वाचनातून झाला. पुरुष कचेरीसाठी उर्दू आणि इंग्रजी शिकत. मुलींना घरी नागरी अक्षरे शिकवली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी अलाहाबादहून ‘काश्मीर दर्पण’ हे समाजाचे मासिक निघत होते व तेजबहादूर सप्रू त्याचे संपादन पाहत. ते उर्दू होते. त्याच शहरातून त्याच समाजातील रामेश्वरी नेहरू यांनी १९०९ मध्ये सुरू केलेले ‘स्त्री दर्पण’ मात्र हिंदी होते. एकाच छपराखाली दोन लिप्या वाचल्या जात होत्या असा याचा अर्थ होतो.

बाहेरच्या जगातही वारे बदलत होते. १९०० मध्ये वायव्य प्रांत व अवधच्या सरकारने न्यायालयांत नागरी अर्जांना मुभा दिली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने हिंदी ही उत्तर प्रदेशची राजभाषा ठरली आणि शाळांतून उर्दूचे स्थान आक्रसले. १९८९ मध्ये राज्याने उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला, तोपर्यंत पंडित कुटुंबांतील उर्दू वाचणारी पिढी म्हातारी झाली होती. कपाटातील अंक काहींनी ग्रंथालयांना दिले. काहींचे ते रद्दीत गेले असतील, तर त्याबद्दल त्या घरांना फार दोष देता येणार नाही. न वाचता येणारा कागद माणूस किती पिढ्या सांभाळणार?

काही गोष्टी वेळीच पुस्तकात आल्यामुळे वाचल्या. समाजातील फारसी व उर्दू कवींचा ‘बहार-ए-गुलशन-ए-काश्मीर’ हा दोन खंडांचा संग्रह १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाला. ‘गुलजार-ए-नसीम’वरून १९०५ मध्ये चकबस्त आणि अब्दुल हलीम शरर यांच्यात पेटलेला वाद ‘अवध पंच’ आणि शरर यांचे ‘दिलगुदाज’ या नियतकालिकांतून गाजला. तोही नंतर ग्रंथरूपाने संकलित झाला. वाद विकला जातो. बदल्यांची आणि बारशांची बातमी कोणी पुन्हा छापत नाही.

सरकारी अनुवादक

या नियतकालिकांचा अनुवाद कोणीच केला नाही असे मात्र नाही. देशी पत्रांत काय छापले जाते यावर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारने प्रांतोप्रांती अनुवादक नेमले होते. पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध येथील पत्रांतील निवडक मजकुराचे इंग्रजी सारांश १८६० च्या दशकापासून नियमाने तयार होत. मुंबई इलाख्यात हेच काम ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ची कचेरी करी. मूळ अंक नष्ट झाले तरी हे सारांश अभिलेखागारांत टिकले आणि आजही अनेक अभ्यासक त्यांवरच भिस्त ठेवतात.

त्यात धोका आहे. सरकारी अनुवादक सरकारला हवे तेवढेच वेचत असे. कर, दुष्काळ, पोलीस, युद्धाच्या अफवा, गोहत्येवरील तंटे यांचे उतारे इंग्रजीत गेले. समाजांतर्गत चर्चा, विशेषतः स्त्रियांविषयीची, साम्राज्याच्या सुरक्षिततेशी संबंध नसल्यामुळे गाळली गेली. ज्या मजकुरासाठी समाजाचे पत्र अस्तित्वात आले, नेमका तोच मजकूर त्या अनुवादात नाही. केवळ सारांशांवरून या पत्रांची प्रकृती ठरवणे म्हणजे पोलीस पाटलाच्या नोंदवहीवरून गाव ओळखण्यासारखे आहे.

अनुवादातील शब्दाने काय होऊ शकते याचा सर्वात मोठा धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीने घेतलेला आहे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांवरील आरोप ‘केसरी’तील लेखांच्या इंग्रजी भाषांतरावर उभा होता. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन शब्दाशब्दांच्या अर्थच्छटा न्यायालयापुढे मांडल्या आणि आपल्या दीर्घ भाषणात भाषांतर सदोष असल्याचे दाखवले. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ज्युरीने त्यांना दोषी ठरवले व सहा वर्षांची शिक्षा झाली. जुने वृत्तपत्र भाषांतरित करणाऱ्याने मूळ मजकूर शेजारी का ठेवावा, याचे यापेक्षा ठळक कारण शोधण्याची गरज नाही.

साहित्यिक अनुवादांची वाट निराळी होती. ‘फसाना-ए-आझाद’चे संक्षिप्त हिंदी रूप प्रेमचंदांनी ‘आझाद-कथा’ या नावाने केले. शरर यांनी ‘दिलगुदाज’मधून क्रमशः लिहिलेल्या लखनौविषयक लेखांचे इंग्रजी भाषांतर ई. एस. हारकोर्ट आणि फखीर हुसेन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि जुन्या लखनौची खाद्यसंस्कृती, पोशाख, पतंगबाजी, संगीत यांविषयी जगभर आज जे वाचले जाते त्यातील बरेचसे त्या एका भाषांतरातून आले आहे. एका मासिकाचे जुने अंक योग्य हातांत पडले तर काय होते, याचा हा नमुना म्हणावा.

अंक कोठे आहेत

१८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक झाले आणि त्यातून त्रैमासिक याद्या निघू लागल्या. या याद्यांवरून कोणते पत्र कोठून निघत होते हे कळते, पण नियतकालिकांच्या प्रती जपून ठेवण्याची सक्ती त्यात नव्हती. राष्ट्रीय ग्रंथालयांकडे वृत्तपत्रांची प्रत पाठवण्याचे बंधन स्वतंत्र भारतात १९५४ च्या कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने आले. (१८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.) त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील लहान पत्रांचे सलग संच मिळणे ही नशिबाची गोष्ट ठरते. एका वर्षाचे सहा अंक एका शहरात, दोन दुसऱ्या शहरात, आणि एखादा लंडनमध्ये अशी स्थिती असते. लखनौत अमीर-उद-दौला सार्वजनिक ग्रंथालय आणि लखनौ विद्यापीठाचे टागोर ग्रंथालय येथे जुने उर्दू संग्रह आहेत. पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयाने जुन्या उर्दू नियतकालिकांची पुनर्मुद्रणे काढण्याचे मोठे काम केले आहे.

खासगी संग्राहकांचे ऋण येथे मानले पाहिजे. हैदराबादचे अब्दुस समद खान यांनी स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून उर्दू पुस्तके आणि नियतकालिके जमवून संशोधन केंद्र उभे केले. १९९० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांच्या एका समूहाने पुढाकार घेऊन हा संग्रह घेतला आणि तो हैदराबादच्याच सुंदरय्या विज्ञान केंद्रात ठेवला. देशाबाहेर न नेता त्याचे चित्रण करावे अशी ती योजना होती. ऑगस्ट २००० च्या अतिवृष्टीत केंद्रात पाणी शिरले आणि संग्रहाची मोठी हानी झाली. सुरक्षित जागी पोहोचलेला कागदही एका रात्रीत भिजतो. ज्या अंकाची एकच प्रत शिल्लक आहे त्याचे चित्रण पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, ते यासाठी.

कागदावरील उपचार

या बाबतीत लखनौ भाग्यवान आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या संवर्धनासाठीची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ मध्ये याच शहरात स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक ओ. पी. अग्रवाल यांनी पुढे ‘इन्टॅक’ या वारसा संस्थेच्या संवर्धन केंद्राची उभारणीही लखनौत केली. देशभरातील संवर्धकांच्या काही पिढ्या येथे तयार झाल्या.

जुना हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असे आणि तो टिकाऊ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणीचा स्वस्त कागद आला. लखनौत १८७९ मध्ये कागद गिरणी निघाली. गवत आणि लाकडाच्या लगद्यातील अशुद्ध घटक आणि खळीसाठी वापरली जाणारी तुरटी यांमुळे अशा कागदात आम्ल तयार होते. ते तंतू तोडत जाते, कागद तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच १८६० चा अंक हाताळता येतो आणि १९१० चा बोटांत भुरभुरतो, असे उलटे चित्र अनेकदा दिसते. उत्तरेकडील कोरडा उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा या चढउताराने तंतू आणखी थकतात. कसर आणि वाळवी आहेतच.

उपचार करण्यापूर्वी शाई पाण्यात विरघळते का हे पाहावे लागते. शिळाछापाची तेलकट शाई सहसा टिकते, पण मालकाने समासात दौतीच्या शाईने लिहिलेली टीप धुऊन जाऊ शकते, आणि संशोधकाला कधीकधी तीच हवी असते. नंतर चुन्याच्या किंवा मॅग्नेशियमच्या क्षाराच्या सौम्य द्रावणाने आम्ल मारतात, फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा ॲसिटोनने हातानेच बसवण्याची पद्धत विकसित झाली होती. यंत्राशिवाय करता येत असल्याने ती देशभर पसरली. पापुद्रा पुन्हा काढणे अवघड असल्यामुळे आता संवर्धक तिचा वापर टाळतात. केलेला उपचार पुढे उलटवता आला पाहिजे हा आजचा नियम आहे.

मायक्रोफिल्मला अनेक जण कालबाह्य समजतात. नीट ठेवलेली चांदीची फिल्म शतकानुशतके टिकते आणि ती भिंगाने वाचता येते, हे लक्षात घेता तिला सोडून देणे शहाणपणाचे नाही. डिजिटल प्रत सर्वांपर्यंत पोहोचवण्यासाठी उत्तम, परंतु तिला दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावे लागते आणि त्यासाठी दरवर्षी पैसा लागतो. ब्रिटिश लायब्ररीच्या माध्यमातून २००४ पासून चालणारा ‘एन्डेंजर्ड अर्काइव्ह्ज’ कार्यक्रम मूळ कागद त्याच देशात ठेवून चित्रणाला अनुदान देतो. उर्दू ग्रंथ आणि मासिकांच्या बाबतीत ‘रेख्ता’ प्रतिष्ठानने गेल्या दशकभरात मोठा डिजिटल साठा खुला केला आहे.

आधी नागरी, मग मराठी

चित्रण झालेले पान म्हणजे छायाचित्र. त्यात एखादे नाव शोधायचे तर पाने उलटावीच लागतात. छापील नागरी किंवा रोमन मजकूर यंत्र बऱ्यापैकी वाचते. कातिबाच्या हातची नस्तलीक वाचताना अक्षरे एकमेकांवर तिरकी रचलेली असल्यामुळे ते गोंधळते. हस्तलिखित ओळखणाऱ्या नव्या संगणकप्रणालींना एकाच कातिबाची पुष्कळ पाने माणसाने उतरवून शिकवली तर सुधारणा दिसते. तेव्हा पहिली काही शेकडा पाने जाणत्या वाचकालाच उतरवावी लागतात.

येथे एक मत नोंदवावेसे वाटते. अशा पत्रांचा थेट इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद करण्यापूर्वी नागरीत लिप्यंतर करणे अधिक हिताचे आहे. लखनौची उर्दू नागरीत उतरली की हिंदी जाणणाऱ्याला निम्मी तरी कळते, कुटुंबातील मंडळींना नावे ओळखता येतात आणि चुका दुरुस्त करता येतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातील संशोधकांनी मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर छापण्याची जी शिस्त पाळली, तिच्यामुळे मोडी न येणारा वाचकही पेशवाईची साधने तपासू शकतो. तंजावरच्या मोडी कागदांबाबतही हाच मार्ग उपयोगी पडला.

लिप्यंतर म्हणजे यांत्रिक काम असा समज असेल तर तो एका पानात दूर होतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. ‘किचलू’ की ‘कचलू’, हे अक्षरांवरून ठरत नाही, घराणे माहीत असावे लागते. सरशार यांचेच आडनाव पुस्तकापुस्तकांत ‘दर’ आणि ‘धर’ असे दोन्ही प्रकारे आढळते. जुने कातिब ‘क’ आणि ‘ग’ यांत फरक दाखवणारी रेघ अनेकदा गाळत. शेवटचा ‘ई’ आणि ‘ए’ एकाच तऱ्हेने लिहीत. परिणामी ‘आयी’ की ‘आये’, म्हणजे बाई आली की पाहुणे आले, हे संदर्भावरून ठरवावे लागते. तारखा कधी हिजरी, कधी विक्रम संवताच्या, कधी इसवी सनाच्या. कवी टोपणनावाने सही करीत. मात्र ‘चकबस्त’ हे टोपणनाव नसून आडनाव आहे, हे न कळल्यास सूचीत एकाच माणसाचे दोन होतात. नात्यांचे शब्द तर अनुवादकाची परीक्षा पाहतात, कारण त्यांतले काही काश्मिरी, काही हिंदुस्थानी असतात आणि उर्दू शब्दकोशात ते सापडतीलच असे नाही. असे शब्द सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज मोजक्याच उरल्या आहेत. अंक शंभर वर्षे थांबले, आणखी दहा वर्षेही थांबतील. त्या थांबणार नाहीत. पैसा मर्यादित असेल तर प्रथम त्यांच्याजवळ बसून शब्द लिहून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.

१९८९-९० नंतर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या काश्मिरी पंडितांपुढे हाच पेच नव्याने आला. जम्मू, दिल्ली, पुणे येथे वाढणाऱ्या मुलांना काश्मिरी भाषा फारसी लिपीत शिकवावी की नागरीत, याविषयी समाजात एकमत नाही. लखनौला दोन शतकांपूर्वी गेलेल्यांनी या प्रश्नाचा विचारच केला नाही. दरबारची भाषा त्यांनी घरात घेतली आणि घरची भाषा सोडली.

मराठीच्या बाबतीत असाच धागा इस्रायलमध्ये जाऊन पोहोचतो. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठीत, तर काही वेळा मराठी-इंग्रजीत, आपली नियतकालिके चालवली. १९१७ ते १९२७ या काळात निघालेले ‘द इस्रायलाइट’ हे त्यांपैकी एक. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तेथे १९८० च्या दशकापासून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. नवी पिढी हिब्रू वाचते. कोकणातील गावांची नावे, कीर्तनांची वर्णने आणि तेल गाळणाऱ्या शनवार तेल्यांच्या आठवणी ज्या जुन्या अंकांत आहेत, ते तिला वाचून दाखवायला आता मराठी येणारा आजोबा लागतो. या अंकांचा हिब्रू अनुवाद करण्यासाठी दोन्ही भाषा जाणणारी माणसे अजून हयात आहेत. लखनौच्या ‘मुरासला’बाबत ती वेळ टळून गेली आहे.